खडस माशांची पाखाडी

आमच्या सोलापुरात श्रावणात नदीवर जायचं तर निघण्याआधी तिला पाणी आहे का, याची चौकशी करावी लागते. त्यामुळे नलूने फोनवर ओरडून ओरडून "आठवडाभर रजा काढ आणि मासे नदी चढताना बघायला ये," असं सांगितलं, तेव्हा मला ते नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. आमच्या घरी यावर बरीच करमणूक झाली. "मासे बघायला एवढ्या लांब कशाला? आणि तू तर खातही नाहीस," हे म्हणाले. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी छत्री, रबरी चपला आणि ओडोमॉस न्यायला सांगितलं. मी तिन्ही नेली. त्यातलं फक्त ओडोमॉस परत आलं.

नलू माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्नानंतर रत्नागिरीला गेली आणि तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागली. वर्गात बेडकाला हात लावताना किंचाळणारी मुलगी पुढे नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे न्याहाळू लागेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

पाली

आंबा घाट उतरताना ढग एस.टी.च्या आत शिरले होते, एवढंच प्रवासाबद्दल सांगते. कोकणात रेल्वे येणार येणार म्हणतात. येईल तेव्हा येवो, पण त्या घाटातून एकदा तरी पावसात उतरावं.

रत्नागिरीच्या अलीकडे, पालीच्या स्टँडवर नलू गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून उभी होती. केस पिकलेले, चेहरा उन्हापावसाने रापलेला. मला बघताच तिने छत्री टाकली आणि मिठी मारली, मग दोघी भिजलो. समोरच्या हॉटेलात गरम भजी आणि चहा घेतला. भज्यांत कांद्याऐवजी मायाळूची पानं होती. "श्रावण आहे," ती म्हणाली. "इथे आता महिनाभर कांदा नाही, मासे नाहीत. म्हणून तर तुला आत्ता बोलावलं. सगळं गाव माशांकडे बघतंय, आणि कुणाच्या तोंडाला पाणी सुटत नाहीये."

मग तिने मला हकिकत सांगितली.

पालीपासून आत, आंबेकोंड नावाचं गाव आहे. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. या गावची कोंड देवाची, तिच्यातले मासे देवाचे. तिथे कुणी गळ टाकत नाही. मासे खडस जातीचे. मोठा झाला की पोराएवढं वजन, अंगावर बंद्या रुपयाएवढे सोनेरी खवले, जाड ओठ आणि ओठांशी मिशा. हा मासा उन्हाळा खोल पाण्यात काढतो आणि नदी भरली की प्रवाहाविरुद्ध वर चढत जातो. डोंगराच्या पायथ्याशी जिथे पाणी उथळ, थंड आणि तळाशी स्वच्छ गोटे, तिथे अंडी घालतो. घाटाच्या दोन्ही बाजूंच्या नद्यांत पूर्वी हा पुष्कळ होता. सुरुंगाच्या दारूने, विषाने आणि भिंतींनी तो जवळपास संपला.

"भिंतींनी?"

"आंबेकोंडला बंधारा झाला ना. कोंडीच्या वर, अंडी घालायच्या जागेच्या खाली. बरोबर मधोमध." तिने कपबशीवर भजं उभं करून दाखवलं. "पहिल्या पावसाळ्यात मासे भिंतीपाशी गोळा झाले. कोंडीत मारायचे नाहीत, पण भिंतीपाशी मारायचे नाहीत असं देवाने कुठे सांगितलं होतं? लोकांनी काठ्यांनी मारले. पुढच्या वर्षी कमी आले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. आता कोंडीत उरलेत ते म्हातारे. नवं पिल्लू दिसत नाही."

"मग बंधारा फोडायचा?"

"बंधारा फोडायचं नाव काढलंस तर मीच तुला पालीच्या गाडीत बसवेन," नलू म्हणाली. "तो बंधारा या गावाने स्वतःच्या हाताने बांधलाय."

आंबेकोंड

मुक्काम तात्यांच्या घरी होता. तात्या साठीचे, रुंद खांद्यांचे, फार कमी बोलणारे. वीस-पंचवीस वर्षं मुंबईला गिरणीत होते. संपात गिरणी सुटली आणि ते गावी आले. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी गावाला उभं केलं आणि बंधारा बांधला. त्याआधी वैशाखात बायका दोन डोंगर ओलांडून पाणी आणायच्या, असं काशीवहिनींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने मला सांगितलं. "डोक्याला चुंबळ ठेवून ठेवून हितं टक्कल पडलंवतं," त्या म्हणाल्या आणि पदर सारून दाखवलं. आता उन्हाळ्यात विहिरींना पाणी असतं, परसात वांगी-मिरच्या होतात.

नलूने या भिंतीच्या डाव्या अंगाने खडकातून एक वाट काढून घेतली होती. कोकणात घरांमधून चिऱ्याच्या पायऱ्यांची जी वाट जाते तिला पाखाडी म्हणतात. गावाने हिलाही पाखाडीच म्हणायला सुरुवात केली. एकेक पायरी वीतभर उंच, प्रत्येक पायरीवर घंगाळाएवढा खड्डा, म्हणजे दमलेल्या माशाने घटकाभर थांबावं आणि पुन्हा उडी घ्यावी. हिवाळ्यात नलूच्या विद्यार्थ्यांनी आणि गावच्या तरण्या माणसांनी मिळून ती रचली होती. पण गावाने अट घातली होती. पाखाडीतून पाणी वाहून जातं. एका पावसाळ्यात मासे चढले तर ठीक. नारळी पौर्णिमेला कोंडीवर गाव जमतं, तोवर एकही मासा चढला नाही तर तोंड सिमेंटने बंद. अट तात्यांनीच सुचवली होती.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती आणि पाखाडीतून एक बेडूकसुद्धा चढला नव्हता.

त्या रात्री जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि टाकळ्याची भाजी होती. आमच्याकडे ज्वारीची भाकरी चुरायची, तर तांदळाची भाकरी चुरता येत नाही; मी प्रयत्न करत होते आणि काशीवहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "अशी मोडा बाय, अशी," म्हणून त्यांनी माझ्या ताटातली भाकरी मोडून दिली. तात्या मान खाली घालून जेवत होते. नलूने दोनदा बंधाऱ्याचा विषय काढला. तात्या दोन्ही वेळा "बघू," म्हणाले.

बंधाऱ्यावर

सकाळी निघालो. शेतांत बायका बांबू-पानांची इरली पाठीवर पांघरून ओणव्या झालेल्या. लांबून पाहिलं तर मोठाली कासवं हिरव्या पाण्यात चरताहेत असं वाटावं. वाटेत एका पऱ्यात, म्हणजे ओहोळात, माझी डावी चप्पल गेली. तात्या म्हणाले, "आता उजवी पण सोडा. एकीचा काय उपेग?" मी ती खरंच सोडली आणि पुढचे सगळे दिवस अनवाणी काढले.

बंधारा दीड पुरुष उंच होता. उजव्या काठाला भिंतीत पाणी सोडायला ठेवलेली मोरी, तिच्यातून पाणी घोंगावत खाली कोसळत होतं. डाव्या काठाला नलूची पाखाडी. तिच्यातून मात्र पाणी मुकाट्याने, स्वयंपाकघराच्या मोरीतून यावं तसं येत होतं.

आणि मासे होते. मी खडकावर बसले, डोळे पाण्याला सरावले, आणि मग एकदम ते दिसायला लागले. उजवीकडे मोरीच्या फेसाखाली काळसर लांब पाठी, एकीला लागून एक, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. मधूनच एक उसळी मारायचा, क्षणभर सगळा हवेत दिसायचा, सोनं घासून पुसून ठेवल्यासारखा, आणि भिंतीवर धाडकन आपटून खाली यायचा. तो आवाज मी विसरणार नाही. ओलं धुणं दगडावर आपटल्यासारखा.

"माझी चूक कळली मला," नलू म्हणाली. "मासा जिथे पाण्याचा जोर जास्त तिकडे जातो. त्याच्या लेखी तोच नदीचा रस्ता. सगळा जोर मोरीला आहे. पाखाडीकडे ते बघणारसुद्धा नाहीत."

"मग मोरी बंद करा," मी म्हटलं. मला सोपं वाटलं.

नलूने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी भिंतीच्या वरच्या बाजूला, उजव्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे अगदी पाण्यालगत नुकतं लावलेलं भाताचं शेत होतं. हिरवं, लुसलुशीत.

"ता माजा," ते म्हणाले. "मोरी लावली की पाणी चढणार, आनि पयलं थयच शिरणार. आताच लावणी झालीय. रोप पाण्याखाली ऱ्हायलं तर कुजतंय. मग वरीसभर खायाचं काय?"

"दोन दिवस, तात्या," नलू म्हणाली. "फक्त दोन दिवस."

"पाऊस तुज्या कालेजातला नाय, बाय. दोन दिवस म्हटलं की दोनच दिवस पडंल असा."

दोघांचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच दोघंही चिडली. नलू म्हणाली, मासे संपले की परत आणता यायचे नाहीत. तात्या म्हणाले, माणसं मुंबईला गेली की तीही परत येत नाहीत. पाणी आहे म्हणून चार घरं गावात टिकलीत. नलू म्हणाली, मी भिंतीच्या विरुद्ध आहे का? तात्या म्हणाले, माझं शेत बुडव म्हणतेस ते काय मग? मी मधे काहीतरी बोलायला गेले आणि दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी छत्री उघडून तिच्याआड बसले.

तेवढ्यात तो आवाज झाला. या वेळी अगदी जवळ.

एक भली मोठी मादी भिंतीवर आपटून पाण्यात न पडता बाजूच्या खडकावर पडली होती. नाकाडाशी फुटलं होतं, रक्त येत होतं. ती शेपटी आपटत होती, पण पाणी हातभर दूर होतं. आम्ही उठायच्या आत तात्या खाली उतरले होते. त्यांनी डोक्याचा पंचा सोडला, पाण्यात बुचकळला, तिच्यावर टाकला आणि लेकरू उचलावं तसं तिला दोन्ही हातांवर घेतलं. तिचं पोट टम्म फुगलेलं होतं.

"भरलीय ही," ते म्हणाले. आवाज बदलला होता.

"अंडी आहेत, तात्या. पाण्यात सोडा चटकन."

तात्यांनी तिला खालच्या पाण्यात सोडलं नाही. एकदा त्यांनी स्वतः बांधलेल्या त्या भिंतीकडे पाहिलं आणि तिला छातीशी धरून काठाच्या घसरड्या खडकांवरून वर चढू लागले. आम्ही दोघी मागोमाग. वर पोचल्यावर ते गुडघाभर पाण्यात गेले, ओणवे झाले, पंचा बाजूला केला. ती थोडा वेळ त्यांच्या तळहातांवर तशीच राहिली. कल्ले हलत होते. मग शेपटीचा एक फटका, आणि ती गेली, वर, डोंगराच्या दिशेला.

तात्या ओणवेच राहिले. मग सरळ झाले, पंचा पिळला आणि म्हणाले, "एकीला हातावरनं न्हेली. बाकीच्यांना काय पालखी लावायची?"

मी नलूचा दंड घट्ट धरला होता.

"मोरी लावूया," तात्या म्हणाले. "पन आधी शेताला बांध पायजे. भरपूर माणसं लागतील."

बांध

दुपारपर्यंत गाव शेतावर लोटलं. काशीवहिनी घरोघर फिरल्या होत्या. कुणी घमेली आणली, कुणी टोपल्या, कुणी नुसते हात. तात्या कुदळीने रेघ मारत पुढे आणि मागून बायकामाणसं मातीच्या टोपल्या ओतत. मधे चिरे, वर चिखल, त्यावर गवताची ढेकळं. सोलापूरच्या मुलींच्या शाळेत मी व्याकरण शिकवते. त्या दिवशी मी टोपल्या वाहिल्या. तिसऱ्या टोपलीला आडवी झाले. सगळी रांग हसायची थांबेना, आणि माझी छत्री बांधात कुठेतरी चिरडून गेली. ती अजून तिथेच असेल.

काम करता करता काशीवहिनी मला म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवा या दिवसांत वरच्या पाण्यात भांडी घासायला बसलं की हे मासे पायाला घासून जायाचे. भ्या वाटायचा. आता आठवन येते."

संध्याकाळच्या आत बांध कमरेएवढा झाला. पाऊस थोडा उघडला होता. तात्यांनी मोरीच्या फळ्या एकेक करून खाचेत बसवल्या आणि वरून चिखल थापला. मोरीचं घोंगावणं कमी होत होत थांबलं. दिवसभराच्या आवाजानंतरची ती शांतता कानांना विचित्र वाटली. भिंतीमागे पाणी चढू लागलं. बांधाला लागलं, बांधाच्या निम्म्यावर आलं. सगळे बांधाकडे बघत होते. एका जागी झिरपायला लागलं, तिथे चौघांनी धावत जाऊन माती दाबली. पाणी आणखी चार बोटं चढलं.

आणि मग डावीकडून आवाज आला. पाखाडी बोलायला लागली होती. एका पायरीवरून दुसरीवर पांढरं पाणी उड्या मारत उतरत होतं.

पहिला मासा चढला तेव्हा मी पाहिला नाही, हे कबूल करते. मी पाय धूत होते. "गेली! गेली!" अशी काशीवहिनींची आरोळी ऐकली आणि धावले. दुसरा मात्र मी पाहिला. तो पाखाडीच्या तोंडाशी आला, थांबला, शेपूट हलवत पाण्याचा अंदाज घेत राहिला. मग एक उसळी, पहिली पायरी. खड्ड्यात गोल फिरला. दुसरी पायरी. तिसरीवर घसरला, परत खड्ड्यात आला, आणि सगळं गाव "आऽऽ" म्हणून ओरडलं. पुन्हा उडी. या वेळी पोचला. शेवटच्या पायरीवर त्याची पाठ पूर्ण पाण्याबाहेर होती, मावळतीचा उजेड त्या खवल्यांवर पडला होता, आणि मग तो वरच्या संथ पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने टोपी हवेत उडवली, ती नदीत गेली.

त्यामागून तिसरा आला. मग दोन जोडीने.

नारळी पौर्णिमा

समुद्रकाठी या दिवशी दर्याला नारळ देतात. आंबेकोंडला नदीला देतात. पुढल्या दोन दिवसांत पाऊस बेताचाच पडला होता, बांधाने दम धरला होता, आणि भात हिरवंगार उभं होतं. मासे दिवसाउजेडी चढत होते. शेजारच्या वाड्यांमधून माणसं बघायला येत होती, नातवंडांना खांद्यावर घेऊन.

गुरवाने कोंडीत नारळ सोडला, गाऱ्हाणं घातलं. मग रिवाजाप्रमाणे गावाला विचारलं, पाखाडीचं काय करायचं? सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही. त्यांनी घसा खाकरला.

"सिमेट आनलेलं हाय," ते म्हणाले. नलूचा चेहरा एकदम उतरला. "ता पाखाडीच्या कडांना लावूया. चिरे सुटायला लागलेत. आनि माजा बांध पक्का करूया, म्हंजे दर साली मोरी लावता येईल."

नलू रडली. तिला एवढी रडताना मी बेडकाच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं. काशीवहिनींनी तिला जवळ घेतलं आणि नारळीभाताचा पहिला द्रोण तिच्या हातात दिला. तो भात गुळाचा, लवंगा घातलेला, हळदीच्या पानाचा वास लागलेला. आमच्याकडे साखरेचा करतात. गुळाचा अधिक चांगला, हे मी घरी येऊन सांगितलं आहे आणि त्यावरून थोडे वादही झाले आहेत.

जेवणानंतर तात्या, काशीवहिनी, नलू आणि मी नदीकाठाने वर गेलो. तासभर चढलो असू. झाडी दाटली, पाणी पसरट आणि घोट्याएवढं झालं, तळाचे गोटे स्वच्छ दिसू लागले. नलूने हाताने थांबायची खूण केली.

समोर ते होते. मोठी मादी गोट्यांवर कुशीला वळून अंग घासत होती, दोन नर दोन्ही बाजूंनी तिला चिकटून, पाण्याबाहेर कल्ले, शेपट्या, पिवळं सोनं. पलीकडे आणखी एक मेळ. त्यापलीकडे आणखी. पाणी नुसतं उकळत होतं. नलूने ओंजळीत गोट्यांमधलं पाणी घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. तिच्यात पिवळसर, मोहरीपेक्षा थोडे मोठे, चमकणारे थेंब होते. तिने ते अलगद परत सोडले.

आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. शेवटी काशीवहिनींनी कुजबुजत विचारलं, "ही हितनं आनखी वर जातात काय गो?"

"पाणी अडत नाही तिथपर्यंत जातात," नलू म्हणाली.

तात्यांनी वरच्या डोंगराकडे पाहिलं. "वरच्या गावात येत्या उन्हाळ्याला बंधारा घालतायत," ते म्हणाले. "माजा बघूनच घालतायत. मला इचारायला आलेले, पाया कसा घ्यायचा म्हनून." मग त्यांनी धोतर गुडघ्यावर खोचलं आणि चढणीच्या वाटेला लागले.

"अवो, आता कुठं?" काशीवहिनींनी विचारलं.

"सांगून येतो त्यांना," तात्या मागे न बघता म्हणाले. "आधी पाखाडी. मग भित."